क्वेकर एवढे शांत, मग त्यांची सुरुवातीची पुस्तकं इतकी भांडखोर का?

वाचनवेडी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणी आहे, पण सतराव्या शतकातल्या इंग्लंडवर वाचणारे दोघं-तिघं तरी इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये म्हणून विचारतेय.

क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला ख्रिस्ती पंथ, आणि माझ्या डोक्यात ती अगदी साधी माणसं. एकत्र यायचं, गप्प बसायचं, कुणाला आतून काही सुचलं तरच उठून बोलायचं, पाद्री नाही, बाप्तिस्मा नाही, शपथ नाही, युद्ध तर नाहीच नाही. गेले दोन महिने मी त्यांचं अगदी सुरुवातीचं लिखाण वाचतेय, म्हणजे साधारण 1653 ते 1680 मधलं, टीकाकारांना उत्तर म्हणून लिहिलेलं. आणि खरं सांगते, चाट पडले. समोरचा पाद्री म्हणजे भाडोत्री मेंढपाळ, बाबेलचा व्यापारी, सापाची औलाद. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स, त्याच्या 1659 च्या जाडजूड पुस्तकाचं नावच मुळी 'द ग्रेट मिस्टरी ऑफ द ग्रेट होअर अनफोल्डेड', म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या त्या मोठ्या वेश्येचं गूढ आम्ही उघड करतो, आणि ती वेश्या कोण तर समोरचं अख्खं चर्च!! आतमध्ये शंभराहून जास्त विरोधी पुस्तकांना एकेक करून उत्तरं दिलीत. मी चाळीसेक पानांवर दमले, कारण प्रतिपक्षाचं एक वाक्य, खाली फॉक्सचं उत्तर, परत एक वाक्य, परत उत्तर, असंच चाललंय, ज्याला उत्तर देतोय त्याचं पुस्तक हाताशी नसेल तर संदर्भच लागत नाही.

तर मला कळत नाहीये की हा बचाव आहे का हल्ला. आणि ज्या लोकांना पुढे जग शांतिवादी म्हणून ओळखायला लागलं त्यांची भाषा अशी का. की मीच चुकीच्या टोकाकडून सुरुवात केलीये? कुठून वाचावं तेही सांगा प्लीज.

जुनी_पोथी

वाचनवेडी ताई, टोक चुकीचं नाहीये, उलट बहुतेक लोक गोड टोकाकडून सुरू करतात आणि हे लिखाण त्यांच्या नजरेलाच पडत नाही. जरा लांबण लागेल, वाचा सावकाश.

पहिली गोष्ट, 1650 च्या दशकात त्यांना स्वतःला आपण शांत वगैरे अजिबात वाटत नव्हतं. 'क्वेकर' हे नाव मुळात चिडवायला पडलेलं. 1650 मध्ये डर्बीला गर्व्हेस बेनेट नावाच्या न्यायाधीशापुढे फॉक्सला उभं केलं, फॉक्स त्यालाच म्हणाला की देवाच्या वचनापुढे थरथर काप, तर बेनेटने यांना कापरे म्हणून हिणवलं, ते कायमचं चिकटलं. आता बघा, आरोपीच्या पिंजऱ्यातून न्यायाधीशाला थरथर काप म्हणणारा माणूस, तो काय मवाळ पुस्तक लिहिणार.

ते स्वतःच्या कामाला 'कोकराचं युद्ध' म्हणायचे. सुरुवातीच्या क्वेकर पुढाऱ्यांपैकी जेम्स नेलर, त्याचं 1657 चं त्याच नावाचं पत्रक आहे, छोटं आहे, तेच आधी वाचा असं मी सांगेन. कल्पना प्रकटीकरणातली. कोकरू म्हणजे ख्रिस्त, तो आत्ता, याच दिवसांत, माणसांच्या आत येऊन लढतोय आणि त्याची तलवार तोंडातून निघते. लोखंडाची तलवार नाही, शब्दांची. एकदा हे डोक्यात बसलं की तुमचा अर्धा प्रश्न सुटतो, कारण शब्द तिखट असणं हा त्यांच्या लेखी संयम सुटल्याचा पुरावा नव्हताच, ते हत्यारच तेवढं एक होतं. नेलर स्वतः पार्लमेंटच्या सैन्यात होता हेही लक्षात असू द्या. राजा विरुद्ध पार्लमेंट यादवी युद्ध नुकतं संपलेलं, 1649 ला राजाचं डोकं उडवलेलं, जुनी सेन्सॉरशिप 1641 च्या सुमाराला कोसळलेली, म्हणजे कुणीही उठावं आणि छापावं. लंडनमध्ये सेंट पॉलजवळ जाइल्स कॅल्व्हर्ट नावाचा पुस्तकवाला होता, यांची सुरुवातीची कितीतरी पत्रकं त्याच्याकडनं निघाली.

आणि समोरचे तरी काय लिहीत होते! विल्यम प्रिन 1655 मध्ये छापून मोकळा, की क्वेकर म्हणजे वेश बदलून आलेले रोमचे हस्तक. फ्रान्सिस हिगिन्सन नावाच्या उत्तरेकडच्या पाद्र्याने 1653 मध्ये यांच्या अधर्माची अख्खी हकीकत लिहिली, थरथरणं, कण्हणं, जमिनीवर पडणं, सगळं सैतानाच्या खात्यावर. रिचर्ड बॅक्स्टरसारखा एरवी समंजस गणला जाणारा माणूस, त्याने 1655 ला 'द क्वेकर्स कॅटेकिझम' काढलं, नेलरने त्याच वर्षी उत्तर दिलं. दोन्ही बाजूंची भाषा शेजारी ठेवून बघा, शिव्या सारख्याच, कारण दोघंही एकाच बायबलमधनं उचलतायत. भाडोत्री मेंढपाळ हा योहानच्या दहाव्या अध्यायातला, सापाची पिल्लं मत्तयमधली. त्या काळी ती शिवी कमी आणि दाखला जास्त होता.

तरी एक फरक आहे, आणि तो माझ्या मते महत्त्वाचा. पाद्र्याचा राग होता की ही शेतकरी-विणकर-चांभार मंडळी आम्हाला शिकवतात. फॉक्स स्वतः विणकराचा मुलगा, चांभाराकडे उमेदवारी केलेला. आणि यांचा राग होता तो पैशावर. दशांश, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा कायद्याने पाद्र्याला द्यायचा, नाही दिला तर गुरंढोरं उचलून नेणार, तुरुंगात टाकणार. 'भाडोत्री' हा शब्द त्या तुरुंगात बसून लिहिलेला आहे हे विसरून वाचलं की नुसती शिवी दिसते.

तुम्ही म्हणता तो वाक्य-उत्तर-वाक्य-उत्तर प्रकार तेव्हाची सर्रास पद्धत होती, फॉक्सने ती फक्त ताणून ताणून अजस्र केली. सलग वाचायचं पुस्तकच नाहीये ते. तो कोश आहे. समजा बॅक्स्टरला काय म्हणाला ते हवंय, तेवढं पान उघडायचं, बंद करायचं. सुरुवातीला एडवर्ड बरो या तरुण क्वेकर प्रचारकाची लांब प्रस्तावना आहे, ती मात्र वाचा, चळवळ उत्तरेतून लंडनपर्यंत कशी आली ते आतल्या माणसाच्या तोंडून कळतं.

टोपी_न_काढणारा

वाक्य कोट करायचं, खाली उत्तर ठोकायचं, परत कोट करायचं... आपण इथे वेगळं काय करतो? :D

निवांत

@जुनी_पोथी छान लिहिलंय पण मला वाटतं तुम्ही त्यांना जरा जास्तच सांभाळून घेताय. शिव्या सारख्या होत्या हे खरं, आरोप सगळे फालतू होते हे खरं नाही. जॉन बनियनचं घ्या. 1656 मध्ये त्याने पहिलं पुस्तक काढलं तेच क्वेकरांच्या विरोधात, 'सम गॉस्पेल ट्रुथ्स ओपन्ड'. तेव्हा तो बेडफर्डचा कल्हईवाला, वय 27-28. उत्तर दिलं बरोने, तो तर याच्याहून लहान, विशीच्या सुरुवातीचा. 1657 ला बनियनचं प्रत्युत्तर, त्यावर बरोचं परत. चार पुस्तकं झाली दोन वर्षांत.

बनियनचा मुद्दा शिव्या बाजूला काढून बघा. तो विचारतो, तुम्ही सारखं आतला ख्रिस्त, आतला प्रकाश (म्हणजे प्रत्येक माणसाच्या आत असलेला देवाचा उजेड) म्हणता, मग जेरुसलेमच्या बाहेर सोळाशे वर्षांपूर्वी जो एक हाडामांसाचा माणूस मेला त्याचं काय? माझं तारण त्या बाहेरच्या माणसाने तिकडे केलं की माझ्या आत काहीतरी उजळतं त्याने होतं? हा प्रश्न अगदी नेमका आहे आणि बरो त्याला सरळ उत्तर देत नाही, तो म्हणतो आम्ही दोन ख्रिस्त मानतच नाही, जो तिकडे मेला तोच आत आहे, तू आम्हाला खोटं पाडतोस, आणि मग बनियनच्या अंगावर धावून जातो. म्हणजे नाकारलं नाही पण जोड कशी आहे ते सांगितलंही नाही.

बायबलचंही तसंच. टीकाकार म्हणायचे हे लोक शास्त्राला देवाचं वचन मानत नाहीत. यावर यांचं ठरलेलं उत्तर, वचन म्हणजे ख्रिस्त, योहानचा पहिला अध्याय काढून बघा, 'प्रारंभी शब्द होता', आणि बायबल म्हणजे त्या वचनाबद्दलचे शब्द. तर्काने बरोबर आहे हो, पण गावातल्या साध्या बाईला विचारा, तिला ऐकू येणार की बायबल दुय्यम. आणि तसं ते दुय्यम होतंच त्यांच्यासाठी, पुढे रॉबर्ट बार्कले या क्वेकर पंडिताने ते स्वच्छ लिहून टाकलं की शास्त्र हे झऱ्याचं वर्णन आहे, झरा नव्हे.

या बाबतीत सगळ्यात भन्नाट माणूस सॅम्युएल फिशर. ऑक्सफर्डला शिकलेला, आधी पाद्री, मग बाप्टिस्ट, मग क्वेकर. 1660 चं त्याचं पुस्तक 'रस्टिकस अ‍ॅड अ‍ॅकॅडेमिकोस', म्हणजे अडाण्याचं पंडितांना उत्तर, आणि हा अडाणी हिब्रू-ग्रीक कोळून प्यायलेला! सातशेच्या वर पानं. जॉन ओवेन वगैरे बड्या धर्मपंडितांचं म्हणणं होतं की हिब्रू मजकुरातले स्वरचिन्हांचे टिंबसुद्धा देवप्रेरित आहेत. फिशर म्हणतो मूळ हस्तलिखितं आहेत कुठे, तुमच्याकडे आहेत त्या नकलांच्या नकला, पाठभेद ढीगभर, कुठली पुस्तकं शास्त्रात घ्यायची ते माणसांनी ठरवलं, मग अशा कागदावर तुम्ही सगळी श्रद्धा कशी काय टांगता. आत्म्याच्या बाजूने लढता लढता हा माणूस बायबलच्या टीकात्मक अभ्यासाच्या दारात जाऊन उभा राहिला. भाषा मात्र, देवा, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं, त्यात कोट्या, यमकं, लॅटिन. पाच वर्षांनी 1665 ला प्लेगच्या साथीत वारला.

तर वाचनवेडी, 'बचाव का हल्ला' याचं माझं उत्तर, 1660 पर्यंत हल्ला. बचाव त्यांना नंतर करावा लागला, कारण नेलर आणि राजा.

वाचनवेडी

वा, दोघांचेही आभार. ते कापरे-नाव माहितच नव्हतं, आणि कोकराचं युद्ध लगेच डाउनलोड केलं. @निवांत 'नेलर आणि राजा' म्हणून असं मधेच सोडून जाऊ नका हो!

निवांत

हो सॉरी, जेवायला उठलो होतो.

ऑक्टोबर 1656, पावसात जेम्स नेलर घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरात शिरला, बरोबरचे सात-आठ जण 'पवित्र, पवित्र' म्हणत चालतायत, म्हणजे ख्रिस्ताच्या जेरुसलेम-प्रवेशाची हुबेहूब नक्कल. तो म्हणाला हे चिन्ह होतं, मी ख्रिस्त नाही, माझ्यातला जो ख्रिस्त आहे त्याला तो मान. पार्लमेंटला हा फरक कळला नाही किंवा कळून घ्यायचा नव्हता. कित्येक दिवस अख्खं पार्लमेंट एका माणसावर चर्चा करत बसलं, फाशी थोडक्यात चुकली, शिक्षा काय तर फटके, खोड्यात उभं करणं, तापल्या सळईने जीभ भोसकणं आणि कपाळावर ईश्वरनिंदकाचं बी अक्षर डागणं, वर कैद. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं, बघा म्हटलं, आतला प्रकाश तुम्हाला कुठे नेतो. बनियन, बॅक्स्टर सगळ्यांनी जे तत्त्व म्हणून मांडलं होतं त्याला आता चेहरा मिळाला. फॉक्स आणि नेलरचं आधीच बिनसलं होतं, पुढे कसाबसा समेट झाला. 1660 मध्ये नेलर वारला. शेवटच्या दिवसांतले म्हणून त्याचे जे शब्द जपले गेलेत ते सुरू होतात असे काहीसे, की मला एक आत्मा जाणवतो ज्याला वाईट करण्यात, सूड घेण्यात आनंद नाही. ज्याने कोकराचं युद्ध लिहिलं त्याचेच हे शब्द.

आणि राजा. 1660 ला दुसरा चार्ल्स परतला. जानेवारी 1661 मध्ये व्हेनर नावाच्या माणसाने पन्नासेक माणसं घेऊन लंडनमध्ये येशूच्या राज्यासाठी सशस्त्र उठाव केला, क्वेकरांचा संबंध नव्हता पण धरपकड त्यांचीच, हजारोंनी आत. तेव्हा फॉक्स आणि इतर अकरा जणांनी राजाला जाहीरनामा दिला, की बाहेरच्या हत्याराने होणारं कुठलंही युद्ध आम्ही करत नाही, कुठल्याही कारणासाठी. ज्याला तुम्ही आज क्वेकरांचा शांतिवाद म्हणता त्याचा हा पायाच, आणि तोही टीकेला दिलेलं उत्तर म्हणून आला, राजद्रोहाच्या आरोपाला. नुसता घाबरून लिहिला असं मी म्हणत नाही, फॉक्सने 1651 लाच सैन्यातली कप्तानी नाकारली होती. पण आधीचे कितीतरी क्वेकर सैनिक होते हेही खरं.

एक टीप, या जाहीरनाम्यावर तारीख अकराव्या महिन्याची, 1660 अशी दिसेल, गोंधळू नका. तेव्हा इंग्लंडचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, आणि क्वेकर जानेवारी-फेब्रुवारी ही नावं मूर्तिपूजकांची म्हणून वापरत नव्हते, आकडे लिहायचे. मार्च पहिला, म्हणून अकरावा म्हणजे जानेवारी. मी एकदा यावरून एका सालात दहा महिने चुकलो होतो.

शाईचा_डाग

जरा उशिरा येतेय. सगळे पुरुषांचीच नावं घेताय म्हणून मुद्दाम लिहिते.

मार्गारेट फेल. स्वार्थमूर हॉलची मालकीण, न्यायाधीशाची बायको, 1652 मध्ये फॉक्सचं ऐकून क्वेकर झाली आणि सगळ्या चळवळीचा पत्रव्यवहार, पैसे, तुरुंगातल्यांची सोय तिच्या घरून चालायची. 'विमेन्स स्पीकिंग जस्टिफाइड' हे तिचं 1666 चं पत्रक, लँकेस्टरच्या तुरुंगात असताना लिहिलेलं. विरोधकांचा हुकमी एक्का म्हणजे करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. ती तो टाळत नाही. ती म्हणते आधी पौलाने हे कुणाला लिहिलं ते बघा, त्या गोंधळ घालणाऱ्या मंडळीला, आणि त्याच पत्रात तीन अध्याय आधी तोच पौल बाईने प्रार्थना करताना, संदेश देताना डोक्यावर काय घ्यावं ते सांगतो, म्हणजे बायका बोलत होत्या ना! मग योएलचं भाकीत, तुमचे मुलगे आणि तुमच्या मुली संदेश देतील. आणि शेवटी घाव असा, की येशू उठला ही बातमी पहिल्यांदा बायकांनी सांगितली, त्या गप्प बसल्या असत्या तर तुम्ही पाद्री आज कशावर बोलला असता. वीसेक पानं जेमतेम. मला विचाराल तर या अख्ख्या ढिगातलं सगळ्यात नीट बांधलेलं लिखाण हे, आणि शिव्या सगळ्यात कमी (आहेत, शेवटी शेवटी त्या मोठ्या वेश्येवर तीही घसरते).

आणि वाचनवेडी, भाषेची आवड असेल तर 'अ बॅटलडोर' शोधा, 1660 चं, फॉक्स, जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली यांचं. आख्खं पुस्तक कशावर, तर एका माणसाला 'तू'च म्हणायचं, 'तुम्ही' नाही! इंग्रजीत तेव्हा दाऊ आणि यू असा आपल्या तू-तुम्हीसारखा भेद होता, बड्या माणसाला यू. क्वेकर सगळ्यांना दाऊ, न्यायाधीशालासुद्धा, आणि त्यापायी मार खायचे. तर यांनी तीसेक भाषांचं व्याकरण काढून दाखवलंय की एकवचन ते एकवचन. पानापानावर मुलांच्या अक्षरपाटीचं चित्र छापलंय, म्हणजे पंडितहो तुम्हीच बालवर्गात बसा. मराठी माणसाला हे वाचताना वेगळीच गंमत येते, कारण आपण देवाला तू म्हणतो आणि साहेबाला तुम्ही, आणि क्वेकरांचा नेमका हाच सवाल होता, देवाला दाऊ चालतं मग त्या माणसाला का नाही, तो देवाहून मोठा लागून गेला का.

टोपी_न_काढणारा

माझ्या आयडीचं सार्थक झालं. टोपीचंही तेच प्रकरण होतं ना, फक्त देवापुढे काढायची.

जुनी_पोथी

हो, प्रार्थनेच्या वेळीच. कोर्टात टोपी काढली नाही म्हणून दंड, दंड भरला नाही म्हणून तुरुंग.

@निवांत तुमचं बनियनबद्दलचं मला मान्य आहे, खरं तर तो प्रश्न यांच्या मानगुटीवरून शेवटपर्यंत उतरला नाही. फक्त एक राहिलं, त्या जोडीची पुढची गोष्ट. 1660 पासून बनियन तुरुंगात, बारा वर्षं. 1672 मध्ये क्वेकर जॉर्ज व्हाइटहेडने खटपट करून राजाकडून आपल्या कैद्यांसाठी माफीनामा मिळवला, आणि इतर पंथांच्या लोकांनी आमचीही नावं घाला म्हटल्यावर घातली. त्या यादीत जॉन बनियन आहे. बरो तोवर नव्हता, तो 1663 मध्येच न्यूगेटच्या तुरुंगात वारला होता.

आता 'द ग्रेट मिस्टरी'बद्दल, कारण ताईंचा मूळ त्रास तो होता. तुम्ही एकट्या दमला नाहीत, रॉजर विल्यम्सही वैतागला होता. तोच ऱ्होड आयलंड वसवणारा, धर्मस्वातंत्र्याचा मोठा पुरस्कर्ता. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1661 दरम्यान चार क्वेकरांना फाशी दिलं, त्यात मेरी डायर, तेव्हा याच्या वसाहतीत मात्र त्यांना मोकळीक होती. आणि हाच विल्यम्स त्यांच्या मतांचा कट्टर विरोधक! फॉक्सचं ते पुस्तक वाचून त्याने चौदा मुद्दे काढले आणि 1672 मध्ये जाहीर वादाचं आव्हान दिलं. सत्तरीच्या घरातला म्हातारा प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टपर्यंत, तीसेक मैल, दिवसभर वल्हवत गेला. फॉक्स तोवर निघून गेला होता, विल्यम्स म्हणाला पळाला, क्वेकर म्हणाले त्याला पत्र मिळालंच नाही. समोर तिघं क्वेकर बसले, स्टब्ज, बर्नियट आणि एडमंडसन, तीन दिवस न्यूपोर्टला आणि एक दिवस प्रॉव्हिडन्सला. विल्यम्सची तक्रार अशी की मला बोलू देत नव्हते, आणि फॉक्स दुसऱ्याचं वाक्य अर्धवट तोडून त्याला उत्तर देतो. दुसरी तक्रार तपासून बघा, काही ठिकाणी खरी निघते. 1676 ला त्याचं पुस्तक आलं, 'जॉर्ज फॉक्स डिग्ड आउट ऑफ हिज बरोज', म्हणजे फॉक्स या कोल्ह्याला बिळातून उकरून काढला, आणि बीळ म्हणजे बरो, म्हणजे एडवर्ड बरो. कोटी चांगली आहे हे मानावंच लागेल. फॉक्स-बर्नियटचं उत्तर दोन वर्षांनी, 'न्यू इंग्लंडचं कोलीत विझवलं' अशा अर्थाचं.

मला विल्यम्सचं एक आवडतं, तुमचं मत साफ चूक आहे आणि तरी तुम्ही इथे राहा, हे दोन्ही तो एकाच दमात म्हणू शकला.

वाचनवेडी

हे सगळं वाचून आता एकच विचारते. भाषा बदलली ती नेमकी कधी आणि कशी? कारण मी मध्येच बार्कलेची चार पानं उघडून बघितली तर हा माणूस वेगळ्याच ग्रहावरचा वाटला, मुद्देसूद, शांत, आधी प्रतिपक्ष काय म्हणतो ते नीट मांडतो.

निवांत

बार्कले वेगळ्याच शाळेतला आहे म्हणून. स्कॉटलंडचा, जन्म 1648, काका पॅरिसच्या स्कॉट्स कॉलेजचा प्रमुख, म्हणजे पोरगा कॅथलिक वातावरणात लॅटिन आणि तर्कशास्त्र शिकून आला, घर कॅल्व्हिनपंथी, शेवटी बापामागोमाग क्वेकर. दोन्ही बाजूंची हत्यारं त्याला ठाऊक. त्याचं 'अपॉलॉजी', म्हणजे क्वेकर मतांचं समर्थन, आधी लॅटिनमध्ये 1676 ला अ‍ॅमस्टरडॅमला छापलं, इंग्रजी 1678. लॅटिनमध्ये का, तर गावच्या पाद्र्यासाठी ते नव्हतंच, युरोपच्या पंडितांसाठी होतं. पंधरा सिद्धांत, अगदी प्युरिटनांच्या धर्मप्रश्नोत्तरीच्या साच्यात, त्यांच्याच साच्यात उलटं ओतलेलं. वय तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस. आणि वर दुसऱ्या चार्ल्सला अर्पणपत्रिका, तीत राजाला ऐकवलंय की तू हद्दपारी भोगलीयेस, जुलूम म्हणजे काय ते तुला माहितीये, एवढं होऊन देवाला विसरलास तर तुझी शिक्षा मोठी असेल. शांत आहे म्हणून मऊ आहे असं समजू नका.

पाचव्या-सहाव्या सिद्धांतात तो म्हणतो ख्रिस्ताचं नावसुद्धा कधी कानावर न पडलेल्या माणसालाही तो प्रकाश मिळतो आणि त्याने तो तरू शकतो, आणि तिथे उदाहरण देतो हय इब्न यकझानचं, बेटावर एकटा वाढलेला मुलगा, बाराव्या शतकातली अरबी गोष्ट. एक क्वेकर मुस्लिम तत्त्वज्ञाची गोष्ट पुरावा म्हणून आणतोय, 1676 मध्ये. स्कॉटलंडच्या जॉन ब्राउनने लगेच पुस्तक काढलं की क्वेकरपंथ हा मूर्तिपूजेकडे जाणारा रस्ता आहे. पुढच्या काळातल्या आवृत्त्यांतून क्वेकरांनीच तो इब्न यकझानचा उल्लेख गाळला.

ती गोष्ट इंग्रजीत आणली होती जॉर्ज कीथने, 1674 मध्ये. कीथ म्हणजे बार्कलेचा मित्र, 1675 ला अ‍ॅबरडीनमध्ये विद्यार्थ्यांशी जाहीर वाद झाला त्यात त्याच्या शेजारी उभा. हाच कीथ 1690 च्या सुमाराला फिलाडेल्फियात म्हणायला लागला की आपले लोक बाहेरच्या ख्रिस्ताला विसरलेत. बनियनचाच प्रश्न, आता घरातून! त्याला बाहेर काढलं, तो 1700 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री झाला आणि उरलेलं आयुष्य क्वेकरांच्या विरोधात लिहीत, फिरत राहिला.

शाईचा_डाग

'कधी आणि कशी'ला एक तारीख देता येते, 1673. त्या वर्षी लंडनमध्ये सोमवार सकाळची एक बैठक सुरू झाली, काम असं की छापायला जाणारं प्रत्येक हस्तलिखित आधी वाचायचं, तिखट किंवा अडचणीचं असेल तर बदलायला लावायचं नाहीतर ठेवून द्यायचं. ज्यांच्या मते आत्मा थेट बोलतो त्यांनी आत्म्यावर संपादक मंडळ नेमलं :) खुद्द फॉक्सचे कागद त्यांनी अडवले तेव्हा तो भयंकर चिडला, की मी काय ही बैठक माझेच कागद रोखायला उभी केली. त्याची आठवणींची वही तो गेल्यावर 1694 ला थॉमस एलवुडने संपादित करून छापली, तीही बरीच चापूनचोपून. म्हणजे तुमच्या डोक्यातले शांत क्वेकर काही अंशी या टेबलावर तयार झालेत.

आणि बचावात काय काय दिलं गेलं तेही बघावं. 1671 मध्ये फॉक्स बार्बाडोसला गेला, तिथे आरोप झाले की तुम्ही देव-ख्रिस्त मानत नाही आणि गुलामांना बंडाला चिथावता. त्याने गव्हर्नरला पत्र लिहिलं, पहिल्या भागात इतकं सनातनी ख्रिस्ती मतप्रदर्शन की बनियननेही सही केली असती. दुसऱ्या भागात म्हणतो बंडाची शिकवण आम्हाला अत्यंत घृणास्पद, आम्ही तर त्यांना देवाचं भय आणि मालकावर प्रेम शिकवतो. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये शांत क्वेकरांचं लिहिलंत तेव्हा मला हे पत्र आठवलं. भांडखोर पत्रकांपेक्षा या सभ्य पत्राने मला जास्त त्रास झाला होता.

वाचनवेडी

हे पत्र माहित नव्हतं, आज रात्री शोधते.

माझा क्रम मी असा ठरवलाय, नेलरचं कोकराचं युद्ध, मग फेल, मग बनियन-बरोची चारही ओळीने, मग बार्कले. फॉक्सचं ते महाकाय पुस्तक बाजूला उघडं ठेवणार, कोशासारखं. फिशरला हात लावायची हिंमत नाही. कुणी वाचायला बरोबर असेल तर बनियनपासून एकत्र सुरू करू, मी बनियनच्या बाजूने वाचते, बरोच्या बाजूने कोण?

टोपी_न_काढणारा

मी. पण तू-तुम्ही आधी ठरवून घेऊ.